रस्ता झाला, रक्ताचे काय?

११ डिसेंबर २०२२ हा दिवस नागपूरकरांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील असाच होता. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा त्या दिवशी वाहतुकीस खुला झाला, आणि त्याच दिवशी मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘एम्स’चे, लोकार्पणही झाले. मोटारीला ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू देणारा रस्ता आणि मोडलेले शरीर सांधणारे रुग्णालय यांचा एकाच मुहूर्तावर योग यावा, हे एका परीने उचितच म्हटले पाहिजे. पुढे ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग पुरा झाला. परंतु रस्ता आणि रुग्णालय या दोहोंच्या मध्ये जी व्यवस्था असावी लागते तिची फीत कापता येत नाही, तिला कोनशिलाही नसते. म्हणूनच की काय, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

या मधल्या व्यवस्थेची खरी परीक्षा पाहणारा रुग्ण कोणता, असे विचारले तर उत्तर एकच द्यावे लागेल : ज्याच्या पोटातील मोठी रक्तवाहिनी फाटली आहे तो. मोडलेले हाड काही तास थांबते. महारोहिणी थांबत नाही. हृदयातून निघालेली ही मुख्य रोहिणी छाती ओलांडून, पाठीच्या कण्याला बिलगून पोटात उतरते, यकृत, आतडी, मूत्रपिंडे यांना शाखा देते आणि बेंबीच्या आसपास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. तिच्या उजव्या अंगाने शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे परत नेणारी अधोमहानीला वर चढत असते. प्रौढ माणसाच्या देहात रक्त असते सुमारे पाच लिटर, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदयही जवळजवळ तेवढेच रक्त दर मिनिटाला फिरवीत असते. या दोन वाहिन्यांपैकी एखादीला मोठे छिद्र पडले, तर पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही मांडता येईल. हातापायावरची जखम दाबून धरता येते, वरून पट्टा आवळता येतो. पोटाच्या तळाशी असलेल्या वाहिनीला हा उपाय नाही. शिवाय रक्त बाहेर दिसत नाही. ते पोटाच्या पोकळीत किंवा पर्युदराच्या मागे मुकाट्याने साठत राहते. अंगावर नाव घेण्याजोगी जखम नसलेला, सारखे पाणी मागणारा, बेचैनपणे कूस बदलणारा आणि हळूहळू गार पडत चाललेला तरुण ‘नुसता घाबरला आहे’ अशा समजुतीने बाकावर बसवून ठेवला जातो, तो यामुळेच.

नागपूरला हा विषय परका नाही. उत्तर–दक्षिण आणि पूर्व–पश्चिम जाणारे देशातील दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग या शहराशी एकमेकांना छेदतात, आणि त्यांत आता समृद्धीची भर पडली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या मृतांपैकी किती जण पोटातल्या रक्तस्रावाने गेले, याचे उत्तर अहवालात सापडत नाही. रस्ता कोणता, वाहन कोणते, हवामान कसे, हे सारे तेथे नोंदलेले आहे. माणूस नेमका कशाने मेला, हे नाही. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर पेटून २५ प्रवासी दगावले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. तेथे शल्यविशारदाला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. पण ज्यांच्यासाठी काही करता आले असते असे लोक एकेकटे मरतात, रुग्णवाहिकेत मरतात, एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाताना मरतात. त्यांची बातमी चार ओळींची होते. रस्त्याखेरीज दुसरे कारण चाकूचे. क्षुल्लक भांडणातून पोटात सुरा खुपसल्याची वार्ता नागपूरच्या वाचकाला सकाळच्या चहाबरोबर वाचण्याची सवय झाली आहे, ही गोष्ट कोणाला भूषणावह वाटू नये.

एका राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू

योगायोग असा की, रक्तवाहिनी शिवण्याची आधुनिक कला ज्या घटनेतून जन्मली असे सांगतात, ती घटना पोटातील सुऱ्याच्या वाराचीच होती. २४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लियाँ शहरात एका अराजकवाद्याने भोसकले. सुरा यकृतात शिरला आणि आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी जाड नीला त्याने छेदली. शहरातील नामांकित शल्यविशारद भोवती जमलेले असताना कार्नो काही तासांत गतप्राण झाले, कारण फाटलेली मोठी रक्तवाहिनी शिवण्याची खात्रीची रीत त्या काळी कोणापाशीच नव्हती. त्याच शहरात शिकणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुणाला ही असहायता असह्य झाली. तो एका कशिदाकाम करणाऱ्या बाईंकडे सुईदोऱ्याचे बारकावे शिकला आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्यांची तोंडे तीन टाक्यांनी ताणून एकमेकांना जोडण्याची आपली पद्धती त्याने प्रसिद्ध केली. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्याला त्यासाठीच मिळाले. वैद्यकाच्या इतिहासात कशिदाकाराच्या सुईचे ऋण इतक्या उघडपणे क्वचितच मान्य झाले असेल.

मग प्रश्न सुटला काय? तर नाही. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात ली हार्वी ऑस्वाल्ड या, केनेडींच्या हत्येचा आरोप असलेल्या इसमावर पोलिसांच्या गराड्यातच पोटात गोळी झाडण्यात आली. गोळीने महारोहिणी आणि अधोमहानीला या दोहोंनाही इजा केली. काही मिनिटांत त्याला पार्कलंड रुग्णालयात नेण्यात आले. तेथे टॉम शायर्स यांच्यासारखे अव्वल शल्यविशारद हजर होते, शस्त्रक्रियागृह सज्ज होते, रक्तही होते. त्यांनी रक्तस्राव आटोक्यात आणला. आणि मग हृदय बंद पडले. छिद्रावर हात पोहोचला होता, माणूस मात्र हातचा गेला होता. नुसत्या टाक्यांच्या कौशल्याने हा प्रश्न सुटत नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

याचे कारण उलगडावयास पुढे वीस-तीस वर्षे लागली. खूप रक्त गेलेला देह थंड पडतो. पेशींना प्राणवायू न मिळाल्याने रक्तातील आम्लता वाढते. आणि थंड, आम्ल झालेले रक्त गोठेनासे होते. न गोठणारे रक्त आणखी वाहते, त्यामुळे देह आणखी थंड होतो. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर असताना, वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात पोट उघडून ठेवलेला रुग्ण गारठ्याने मरू शकतो, हे सामान्य माणसाला खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे. अशा अवस्थेत शल्यविशारद चार तास उभा राहून एकेक अवयव नीटनेटका शिवू लागला, तर शेवटचा टाका पडतो तो प्रेताला. अटलांटाचे हार्लन स्टोन यांनी १९८३ मध्ये निराळा मार्ग सुचविला : रक्त गोठेनासे झाले आहे असे दिसताच शस्त्रक्रिया मध्येच थांबवा, पोटात कापडाच्या घड्या दाबून बसवा, आणि देह सावरल्यावर पुन्हा उघडा. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या रोटोंडो, श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीला नाव आणि शिस्त दिली. ज्यांच्या मोठ्या रक्तवाहिनीबरोबर दोन किंवा अधिक अवयवही दुखावले होते अशा रुग्णांत, एकाच बैठकीत सर्व दुरुस्ती केलेल्या ९ जणांपैकी १ वाचला होता. टप्प्याटप्प्याने केलेल्या १३ पैकी १०. आकडे लहान आहेत, त्यांवरून सिद्धांत बांधताना जपले पाहिजे, हे खरेच. पण त्यांनी जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतील विचार बदलला, हेही तितकेच खरे.

आता अशा शस्त्रक्रियेचे स्वरूप साधारण असे असते. छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत एकच लांब छेद घेतला जातो. पोट उघडताच, आतून दाबून धरणारा अडसर गेल्याने, रक्त उसळते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून भूलतज्ज्ञ आणि रक्ताच्या पिशव्या आधीच तयार असाव्या लागतात. मोठ्या घड्या चारही कोपऱ्यांत दाबल्या जातात. जरूर तर श्वासपटलाखाली महारोहिणीच मुठीने कण्यावर दाबून धरतात. तेवढ्याने वरच्या हृदयाला आणि मेंदूला रक्त पुरते व भूलतज्ज्ञाला उसंत मिळते. मग आतडी एका बाजूस उलटवून मागची वाहिनी उघडी केली जाते. डावीकडून उलटविले तर महारोहिणी दिसते, उजवीकडून उलटविले तर अधोमहानीला. काही वाहिन्या सरळ बांधून टाकता येतात. मूत्रपिंडांच्या खालची अधोमहानीला बांधली तर पाय सुजतात, पण माणूस जगतो. पायाकडे जाणारी मुख्य रोहिणी बांधली तर पाय जातो. म्हणून तिच्या दोन तोंडांत प्लॅस्टिकची लहान नळी बसवून रक्त तात्पुरते चालू ठेवतात. फाटलेले आतडे नुसते बांधून ठेवतात. पोटाची कातडीही पूर्ण शिवत नाहीत. रुग्ण अतिदक्षता विभागात जातो, ऊब घेतो, रक्त घेतो, आणि एकदोन दिवसांनी पुन्हा टेबलावर येतो.

कोठे उघडू नये, हे कळणे तर याहून मोलाचे. पर्युदराच्या मागे, मध्यभागी रक्ताची गाठ दिसली तर ती उघडून पाहिलीच पाहिजे, कारण तेथे महारोहिणी आणि अधोमहानीला वसतात. मूत्रपिंडाच्या बाजूला, मुक्या माराने झालेली आणि वाढत नसलेली गाठ मात्र हात न लावता सोडावी. कमरेचे हाड मोडून ओटीपोटात साठलेले रक्त उघडणे म्हणजे बुचाचा धरणबांध स्वतःच फोडणे. तेथे बाहेरून पट्टा आवळावा, घड्या दाबाव्यात, सोय असेल तर क्ष-किरणांच्या साहाय्याने रक्तवाहिनीत नळी घालून आतूनच ती बुजवावी. चाकूच्या वाराने झालेली गाठ असेल तर हाच नियम उलटा होतो. हे ज्ञान गुह्य नाही. ते शल्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तरीही रात्री दोन वाजता, एकट्या निवासी डॉक्टरला, ते आठवावे लागते.

गडचिरोलीची चिठ्ठी

येथे मुख्य मुद्दा येतो. अशा रुग्णासाठी एखादा दुर्मीळ रक्तवाहिनीतज्ज्ञ हवा, तो फक्त महानगरात सापडणार, तेव्हा बाकीच्यांनी चिठ्ठी लिहून रुग्ण पुढे पाठवावा, अशी समजूत विदर्भात घट्ट बसली आहे. शल्यक्रियेचा दुसरा टप्पा खरोखर तज्ज्ञाचा आहे. पहिला टप्पा मात्र सर्वसामान्य शल्यविशारदाचा आहे, आणि जिल्हा रुग्णालयात असा शल्यविशारद असतो. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. फाटलेली अधोमहानीला घेऊन हे अंतर रुग्णवाहिकेतून कापणे ही वैद्यकीय कृती नव्हे, ते केवळ दैवावर हवाला ठेवणे आहे. चंद्रपूर आणि गोंदिया येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. घड्या दाबून, चिमटा लावून, पोट तात्पुरते झाकून रुग्ण नागपूरला पाठविणे या ठिकाणी अशक्य का असावे?

यावर आक्षेप आहेत, आणि ते फेटाळून लावण्यासारखे नाहीत. जिल्ह्याच्या शल्यविशारदाच्या वाट्याला असा रुग्ण वर्षातून एकदोनदाच येतो. हात सरावणार कसा? टेबलावर रुग्ण दगावला तर जमाव काच फोडतो, डॉक्टरची गचांडी धरतो. मग त्याने धोका का पत्करावा? चिठ्ठी लिहिणाऱ्याला कोणी मारीत नाही. हा शेवटचा मुद्दा फार गंभीर आहे, आणि तो केवळ डॉक्टरांच्या भित्रेपणाचा नाही. रुग्णाला हात न लावणारा सुरक्षित आणि हात लावणारा आरोपीच्या पिंजऱ्यात, अशी रीत समाजाने पाडली, तर चिठ्ठ्याच वाढणार. हात सरावण्याचा प्रश्न मात्र सुटण्याजोगा आहे. वर्षातून काही आठवडे जिल्ह्याच्या शल्यविशारदांना नागपूरच्या मेडिकलमध्ये, रात्रपाळीच्या अपघात विभागात, पगारी सेवेत ठेवता येईल. १९७६ साली अमेरिकेतील नेब्रास्कात एका अस्थिशल्यविशारदाचे खासगी विमान कोसळले आणि गावच्या लहान रुग्णालयात आपल्या मुलांवर झालेले उपचार पाहून तो अस्वस्थ झाला; त्यातून लहान गावांतल्या डॉक्टरांसाठी अपघातोपचाराचा जो अभ्यासक्रम निघाला, तो आज जगभर शिकविला जातो. त्याचा रोख मोठ्या शहरांकडे नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

संघटना असली की काय होते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या जंगलात चकमकीत जखमी झालेल्या जवानाला हेलिकॉप्टरने नागपूरला आणले जाते. रुग्णालयाला आगाऊ निरोप असतो, पथक वाट पाहत असते. जवानासाठी हे झालेच पाहिजे, त्यात कोणाचे दुमत असणार नाही. पण त्याच जंगलात रानडुकराने पोट फाडलेल्या मजुराच्या वाट्याला जी चिठ्ठी येते, तिच्यातही आगाऊ निरोप असावयास काही हेलिकॉप्टर लागत नाही. एक दूरध्वनी पुरतो. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेली राज्याची ‘१०८’ सेवा ही खरोखरच मोठी सोय आहे. तिने रुग्ण सर्वांत जवळच्या दारात न टाकता, ज्या दारामागे शस्त्रक्रियागृह उघडे आहे तेथे न्यावा, आणि निघतानाच तेथे कळवावे, एवढेच हवे. इंग्लंडने लंडनमध्ये २०१० पासून आणि उर्वरित देशात २०१२ पासून हेच केले : कोणता जखमी कोणत्या रुग्णालयात जाईल हे आधी ठरविले.

रक्त कोणाचे, कोणासाठी

सर्वांत अवघड गाठ रक्ताची आहे. पूर्वी अशा रुग्णाला बाटल्यांमागून बाटल्या सलाईन देत असत. ह्यूस्टनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धडावर सुरा किंवा गोळीची जखम असलेल्या ५९८ रुग्णांपैकी शस्त्रक्रियेपूर्वी सलाईन रोखून धरलेल्यांत १०० पैकी ७० वाचले, लगेच दिलेल्यांत ६२. मिठाचे पाणी प्राणवायू वाहत नाही आणि गोठण्यास मदतही करीत नाही. उलट दाब वाढवून बसलेली गुठळी उडवते. रक्ताच्या बदल्यात रक्तच द्यावे लागते, आणि तेही लाल पेशी, रक्तद्रव, पट्टिका अशा तिन्ही अंगांनी. २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतील १२ रुग्णालयांनी ६८० रुग्णांवर केलेल्या चाचणीत ही तिन्ही समप्रमाणात दिल्यास पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू १४.६ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आले. महिन्याअखेरच्या एकूण मृत्यूंत मात्र निर्णायक फरक आढळला नाही. म्हणजे पहिला दिवस जिंकता येतो, लढाई पुढेही चालते. २००६ मध्ये मुंबईत पोटात गोळ्या लागलेले प्रमोद महाजन २२ एप्रिलपासून ३ मेपर्यंत झुंजले. यकृत आणि स्वादुपिंड दुखावल्यावर, उत्तमोत्तम उपचार हाताशी असतानाही, पुढचे दिवस कसे असतात ते तेव्हा महाराष्ट्राने पाहिले.

मग हे रक्त यावे कोठून? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा धंदा १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला, ते उत्तमच झाले. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने नातेवाइकांकडून बदली रक्त मागण्याची पद्धतही हळूहळू संपवावयाचे ठरविले. प्रत्यक्षात अजूनही रुग्णाचा भाऊ रात्री कागद हातात घेऊन ‘दाता आणा’ हे शब्द ऐकतो. ज्याच्या भावाच्या पोटात महारोहिणी फाटली आहे त्याला दाता शोधावयास पाठविणे म्हणजे आग लागलेल्या घराच्या मालकाला विहीर खणावयास सांगणे होय. रक्त आधी सुटले पाहिजे. बदलीचा प्रश्न, काढावयाचाच असेल तर, नंतर काढावा. अपघात विभागाने एक शब्द उच्चारताच ठरलेल्या संख्येने तिन्ही घटकांचा संच रक्तपेढीतून निघावा, ही पद्धत कागदावर आणण्यास एक बैठक पुरेल.

या बाबतीत रुग्णालयाबाहेरच्या माणसांनाही हात झटकता येणार नाहीत. पुढाऱ्याच्या वाढदिवशी भव्य शिबिर होते, शेकडो पिशव्या एका दिवसात गोळा होतात, छायाचित्रे छापून येतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. पट्टिका अवघे पाच दिवस. महिन्याभरात तो साठा सरतो किंवा वाया जातो, आणि एप्रिल–मे उजाडताच महाविद्यालये सुटतात, विद्यार्थी गावी जातात, रक्तपेढ्या कोरड्या पडतात. अपघात सुटीवर जात नाहीत. उलट लग्नसराईची वाहतूक त्याच दिवसांत असते. शाळांतील शिक्षकांचा संघ, कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांच्या संघटना, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनी आपापले आठवडे वाटून घेतले, आणि मेचे आठवडे शहरात राहणाऱ्या नोकरदारांनी पत्करले, तर कोणाचाही वाढदिवस साजरा न करता हे काम होईल.

उपायांपैकी जे स्वस्त आहेत ते आधी करावेत, हा साधा संसारी नियम येथेही लागू आहे. ट्रानेक्झामिक आम्ल हे गुठळी टिकविणारे जुने, अत्यल्प किमतीचे औषध. ४० देशांतील २७४ रुग्णालयांत, भारतातील रुग्णालयांसह, २०,२११ जखमींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आणले. मात्र ते दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तरच. उशिरा दिल्यास अपायच होतो. ते प्रत्येक रुग्णवाहिकेत, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असले पाहिजे. खाटेशेजारी पोटातील रक्त दाखविणारे सोनोग्राफीचे यंत्र अपघात कक्षातच हवे; गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार त्या कक्षाच्या पत्त्यावर त्याची नोंद करून घेणे काही अशक्य नव्हे. मात्र पर्युदरामागचे रक्त या यंत्राला सहसा दिसत नाही, हेही ते वापरणाऱ्याने विसरू नये. उलट महारोहिणीत फुगा फुगवून रक्त रोखण्याचे जे नवे, महागडे साधन निघाले आहे, त्याच्या खरेदीची घाई करण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये ९० रुग्णांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फुगा वापरलेल्यांपैकी ५४ टक्के आणि न वापरलेल्यांपैकी ४२ टक्के दगावले. यंत्र विकत घेणे शासनाला सोपे जाते, कारण त्याचे उद्घाटन करता येते. रात्रपाळीचा भूलतज्ज्ञ नेमणे अवघड जाते.

कायदा आणि पैसा यांची बाजू पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. जखमीला आधी उपचार, मग पोलिसी सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच बजावले. मदत करणाऱ्या वाटसरूला त्रास होऊ नये यासाठी २०१६ मध्ये न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली. मे २०२५ मध्ये केंद्राची अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचार योजना लागू झाली : दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांपर्यंत. योजना स्वागतार्ह आहे. पण ज्याचे पोट तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडले जाते आणि ज्याला कित्येक आठवडे अतिदक्षता विभाग सोडता येत नाही, त्याच्यासाठी सात दिवस म्हणजे केवळ प्रस्तावना. शिवाय ही योजना मोटार अपघातापुरती आहे. चाकूने फाटलेल्या महारोहिणीला ती ओळखत नाही. या योजनेचे मंत्रालय ज्यांच्याकडे २०१४ पासून आहे ते नितीन गडकरी नागपूरचेच खासदार आहेत. अपघाती मृत्यूंबद्दल त्यांनी स्वतः वेळोवेळी जाहीर खेद व्यक्त केला आहे. तेव्हा मुदत वाढविण्याची मागणी घेऊन कोणाला दिल्लीला जावे लागू नये.

या सर्व व्यवस्था उभ्या राहिल्या तरी प्रत्येक जखमी वाचेल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या रुग्णालयाने २००० साली पोटातील रक्तवाहिन्यांना इजा झालेल्या आपल्या ३०२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५४ टक्के दगावले होते. जगातील सर्वांत सरावलेल्या हातांचा हा हिशेब. त्या रुग्णालयाचे मोठेपण असे की त्याने तो छापला. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील चार रुग्णालयांनीही २०१३ ते २०१५ या काळात १६ हजारांहून अधिक जखमींची अशी नोंद केली होती. नागपुरात १९४७ पासूनचे मेडिकल आहे, त्याहून जुने मेयो आहे, आता एम्स आहे. तिघांनी मिळून एक नोंदवही ठेवावी : जखमी दारात आला किती वाजता, पहिली रक्ताची पिशवी लागली किती वाजता, पोट उघडले किती वाजता, आणि शेवट काय झाला. त्यासाठी निधी लागत नाही, एक प्रामाणिक कारकून लागतो.

दर डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरते. विदर्भाच्या आरोग्यावर लक्षवेधी सूचना येतात, खाटांची संख्या विचारली जाते, इमारतींच्या निधीचे आकडे दिले जातात. या वेळी एखाद्या सदस्याने खाटांऐवजी वेळ विचारावा : बुटीबोरीजवळ रात्री दोन वाजता पोटात मार लागलेल्या दुचाकीस्वाराचे पोट नागपुरातील कोणत्या शस्त्रक्रियागृहात, किती मिनिटांत उघडले जाईल, आणि त्या रात्री त्याच्या रक्तगटाच्या किती पिशव्या कोणाच्याही चिठ्ठीवाचून मिळतील. मंत्रिमहोदयांना उत्तरासाठी मुदत हवी असेल, तर पुढच्या अधिवेशनापर्यंत ती द्यावयास हरकत नाही.